उठबस

(दृश्य: जानेवारीची सकाळ. महाल भागातली अरुंद गल्ली. कोपऱ्यावर तर्री-पोह्यांची गाडी, कढईतून वाफ.)

मे महिन्यात ४५ अंशांत भाजून निघणारं नागपूर जानेवारीच्या पहाटे १० अंशांच्याही खाली उतरतं. रजई सोडवत नाही. पण या घरातल्या काकांचा प्रश्न रजईचा नाही. पलंगाच्या काठावर येऊन त्यांना पाच मिनिटं झाली आहेत. ते उठणार आहेत.

डावा हात गादीवर, उजवा मांडीवर. एक, दोन...

"माय वं!"

उठले.

काका अडुसष्ट वर्षांचे. चाळीस वर्षं हातमागावर गेली. खड्ड्याच्या मागावर विणकर जमिनीच्या काठाशी बसतो, पाय खाली खड्ड्यात. हातानं धोटा, पायानं पट्ट्या, दिवसभर. एका लुगड्यामागे पाय किती वेळा खाली-वर झाले, हे कुणी मोजलं नाही. गुडघ्यांनी मोजलं असावं.

एक्सरे काढला. गुडघ्यांची झीज, म्हणजे झिजेचा संधिवात. मग घरात, शेजारीपाजारी, पानठेल्यावर एकच निदान फिरलं: हाडांमधला गॅप कमी झाला, वंगण संपलं.

या 'वंगण' शब्दानं फार घोळ केलाय. वंगण संपलेलं यंत्र बंद ठेवायचं असतं. म्हणून माणूस गुडघाही बंद ठेवतो. बाजार बंद, जिना बंद, चालणं बंद. गुडघ्यात मात्र उलटं चालतं. हाडांच्या टोकांवरच्या मऊ कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नाहीत. तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं, आणि तो द्रव तिच्यात खेळतो सांध्यावर भार पडतो-सुटतो तेव्हा. शिवाय न वापरलेल्या मांडीचे स्नायू झिजतात. मग त्यांनी पेलायचा भारही दुखऱ्या सांध्यावरच पडतो. दुखतं म्हणून बसायचं, बसलं म्हणून आणखी दुखायचं. एक्सरे भयंकर आणि माणूस मजेत फिरतोय, किंवा एक्सरे बरा आणि माणूस रडकुंडीला, असंही सर्रास दिसतं.

(दृश्य: फिजिओथेरपीची खोली. लाकडी जिना, भिंतीवरचा आरसा, कोपऱ्यात रंगीत रबरी पट्टे.)

इथल्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी "किती दुखतं?" हे नंतर विचारलं. आधी विचारलं, "काका, काय करता येत नाही?"

"खाली बसता येत नाही."

"बसून काय करायचंय?"

काका थोडे लाजले. मग हळूहळू निघालं. दर गुरुवारी गजानन महाराजांच्या देवळात भजन. सगळे सतरंजीवर. गुडघे धरल्यापासून काकांना मागे भिंतीशी प्लास्टिकची खुर्ची मिळायची. मानानंच द्यायचे. पण सगळे खाली आणि आपण वर, तेही मागे, टाळ एकात एक येत नाही. दोन महिन्यांत जाणंच थांबलं. आपल्याकडे उठबस या शब्दाला दोन अर्थ आहेत. काकांच्या गुडघ्यानं दोन्ही नेले.

माघात महाराजांचा प्रकट दिन. हातात सहा-सात आठवडे. मॅडमनी वहीत ध्येय लिहिलं: सतरंजीवर अर्धा तास.

पहिल्या दिवशीचा व्यायाम बघा. पाय लांब, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी. गुडघ्यानं ती दाबायची, पाच आकडे मोजायचे, सोडायचं. दहा वेळा.

"येवढ्यासाठी रिक्षाचे पैसे घालवले काय मी?"

"काका, येवढंच तर होत नाहीये तुमच्यानं."

खरंच होत नव्हतं. चौथ्या आकड्याला मांडी थरथरायला लागली. एका काळी दिवसभर माग चालवलेली मांडी.

पुढच्या आठवड्यात एक पाय दुमडून दुसरा सरळ उचलणं. मग पलंगावर दोन उशा ठेवून त्यांवरून उठायचं-बसायचं, हाताचा आधार न घेता. ते जमलं की एक उशी काढायची. आठवडाभरानं दुसरी. मग पलंगाऐवजी बुटका स्टूल. काकूंना हे प्रकरण गमतीचं वाटलं: "उशा कमी होऊन रायल्या म्हणजे यायचा गुडघा सुधरून रायला."

एक नियम मॅडमनी सगळ्यांना पाठ करायला लावलाय. व्यायामानंतर थोडं दुखणार, घाबरायचं नाही. पण दोन तासांनंतरही जास्तीचं दुखत असेल, तर उद्या व्यायाम कमी करायचा. बंद नाही, कमी. सांधा अचानक लाल, गरम होऊन सुजला, ताप आला, तर मात्र व्यायाम नाही, थेट डॉक्टर.

आणि करंट? इथं येणारे निम्मे लोक 'करंट लावायला' येतात. यंत्राचा चिमटा, गुदगुल्या, वीस मिनिटं आराम. शेक आणि करंट यांनी दुखणं घटकाभर उतरतं, त्या घटकेत व्यायाम उरकून घ्यायचा, एवढाच त्यांचा उपयोग. नुसता करंट लावून घरी जाणं म्हणजे पोहे सोडून नुसती तर्री पिणं.

काठीवरून वाद झाला. "म्हातारा दिसीन ना मी." शेवटी घेतली, तीही चुकीच्या हातात. उजवा गुडघा दुखतो, म्हणून उजव्या हातात. बहुतेक जण असंच करतात. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात हवी, म्हणजे त्या पायावर वजन येताना काठी भार वाटून घेते. उंची मनगटाच्या रेघेपर्यंत.

वजनाचा हिशेब काकांना पटला, कारण तो हिशेब होता. अंगावरचा १ किलो उतरला तर चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण ४ किलोंनी कमी होतो. म्हणजे ५ किलोंचे २०. "सावजीतलं तेल तेवढं पाहा," मॅडम म्हणाल्या. काका काही बोलले नाहीत.

हे सगळं नवं नाही. डेन्मार्कनं २०१३ पासून देशभर अशीच पद्धत बसवली: दुखणं समजावून सांगणारे दोन वर्ग आणि देखरेखीखाली व्यायामाची १२ सत्रं. ना महागडं यंत्र, ना जादू. काहींना पुढे 'वाटी बदलावी' लागतेच. त्यांनाही शस्त्रक्रियेआधी कमावलेली मांडी नंतर उपयोगी पडते.

(दृश्य: नागपुरातलाच नंदनवन भाग. स्वयंपाकघर. कणकेची परात, ओट्यावर टेकलेले दोन हात.)

हे हात छत्तीस वर्षांच्या बाईचे आहेत, आणि त्यांचं दुखणं वेगळं. आमवात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थरायटिस. इथं झीज नाही. शरीराची संरक्षणव्यवस्थाच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उलटते. दोन्ही हातांची बोटं, मनगटं, जोडीनं सुजतात.

काकांचा गुडघा सकाळी दहा-पंधरा मिनिटांत मोकळा होतो. यांचे हात मोकळे व्हायला तास-दीड तास जातो. सहा वाजता मुलाचा डबा, तेव्हा मूठ वळत नाही. अकरा वाजता त्याच हातांनी त्या कपडे वाळत घालतात. घरातल्यांनी जे पाहिलं ते एवढंच, की काम आलं की हिचे हात दुखतात. वर्षभर हे ऐकून घेतलं. या आजाराचं वेळापत्रकच कामचुकारासारखं दिसतं, त्याला त्या काय करणार.

आता आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी चालू आहे. इथं औषध आधी. व्यायाम त्याच्या जागी बसू शकत नाही. सुजलेल्या दिवसांत मनगटाला आधारपट्टी, बोटांची हलकी हालचाल, बस. सूज उतरली की मेणाचा शेक: साधारण ५२ ते ५४ अंशांचं पातळ पॅराफिन, त्यात हात बुडवून काढायचा, पुन्हा बुडवायचा, पांढरा हातमोजा तयार होईस्तोवर. मग टॉवेलात वीस मिनिटं. मेण निघाल्यावर बोटं उघडतात, तेव्हाचा त्यांचा चेहरा आम्ही मुद्दाम दाखवतोय.

उरलेला उपचार स्वयंपाकघरात झाला. लाटण्याला कापड गुंडाळून ते जाड केलं. लाटताना बोटांनी पकडायचं नाही, तळव्यांनी ढकलायचं. पातेलं एका हाताच्या चिमटीत नाही, दोन्ही तळव्यांवर. भाजीची पिशवी बोटांवर नाही, खांद्यावर. आणि एक दिवस मॅडमनी सासूबाईंना बोलावून घेतलं, सकाळच्या कडकपणाबद्दल सांगितलं. आता डब्याच्या पोळ्या सासूबाई लाटतात. कुरकुर आहेच, पण लाटतात.

(दृश्य: बाकावर बसलेला तरुण, हातात हेल्मेट.)

हा सत्तावीस वर्षांचा. संधिवात म्हाताऱ्यांचा असतो म्हणणाऱ्या नागपूरकरांना २०२४ च्या पावसाळ्यानं चांगलंच शिकवलं. चिकुनगुन्या घरोघरी होता. १९५० च्या दशकात टांझानियाच्या पठारावर हा आजार पहिल्यांदा ओळखला गेला, तिथल्या भाषेत नावाचा अर्थ साधारण 'वाकवून टाकणारा'. या तरुणाचा ताप आठवड्यात गेला. घोटे आणि मनगटं पुढे कित्येक महिने धरून राहिली. गाडीचा क्लच दाबता येईना. त्यालाही तोच हळूहळू चढता व्यायाम. तो लवकर सुटला, तरुण होता.

(दृश्य: बसथांबा. काठी टेकत उतरणारी बाई.)

मेट्रोच्या स्थानकांत लिफ्ट आहे, पण स्थानकापर्यंतच्या फुटपाथची पायरी गुडघाभर. सरकारी मेडिकल कॉलेजात फिजिओथेरपी मिळते, स्वस्तात मिळते. पण उमरेड-काटोलहून वीस मिनिटांच्या व्यायामासाठी येणाऱ्याची त्या दिवसाची मजुरी बुडते. म्हणून इथल्या मॅडमचा भर घरी करायच्या कागदावर. काकांचा कागद कॅलेंडरशेजारी टांगलाय. व्यायाम झाला की नातू तारखेवर फुली मारतो. आजोबांनी खाडा केला तर तो फुली मारत नाही, कितीही सांगा.

(दृश्य: प्रकट दिनाची संध्याकाळ. सतरंजी, टाळ, पुढे पंगतीसाठी पिठलं-भाकरी.)

काका आज खाली बसलेत. पूर्ण मांडी नाही. पाटावर, एक पाय जरा पुढे. अर्धा तास म्हणता पाऊण झाला.

आरती संपली. उठायची वेळ. दोघं-तिघं हात द्यायला धावले. "राहू द्या." एका कुशीवर वळले. दोन्ही हात जमिनीवर. खांबाला धरून चांगला पाय पुढे. एक, दोन...

रात्री साडेनऊला मॅडमचा फोन वाजला.

"मॅडम, दोन तास झाले."

"दुखतंय का काका?"

"दुखून रायलं थोडंसं. पण आधीपेक्षा जास्त नाही. उद्या करू ना व्यायाम?"