जुनी सायकल आणि नवे शहर

श्रोतेहो, नमस्कार.

लंडनमध्ये २०१३ साली जेम स्टाईन यांनी ‘द बाइक प्रोजेक्ट’ ही संस्था सुरू केली. लोकांच्या घरी गंजत पडलेल्या सायकली गोळा करायच्या, त्या दुरुस्त करायच्या आणि हेल्मेट, कुलूप व दिवे यांसह निर्वासितांना मोफत द्यायच्या, असे तिचे काम. विद्यार्थिदशेत स्टाईन यांची सुदानमधील दारफुरहून आलेल्या एका तरुणाशी ओळख झाली होती, आणि या तरुणाची मोठी अडचण शहरात फिरण्याच्या खर्चाची आहे, हे त्यांच्या ध्यानात आले होते.

हा खर्च समजून घ्या. ब्रिटनमध्ये आश्रय मागणाऱ्या माणसाला अर्जाचा निकाल लागेपर्यंत सहसा नोकरी करता येत नाही. जेथे जेवण मिळते अशा हॉटेलात त्याला ठेवले असेल, तर हातखर्चाला आठवड्याचे दहा पौंडही मिळत नाहीत. लंडनच्या बसचे एका वेळचे भाडे १.७५ पौंड. म्हणजे पुन्हा सांगते, आठवड्याचे दहा पौंडही नाहीत, आणि जाऊन-येऊन साडेतीन पौंड! वकील, दवाखाना, इंग्रजीचा वर्ग, सगळे त्यातच बसवायचे.

पूर्व लंडनमध्ये भाचीकडे गेले असताना तिच्याबरोबर मी एका बागेत गेले. तेथे अशाच एका संस्थेचा निर्वासित महिलांसाठी सायकलचा वर्ग भरत असे. भाची तेथे स्वयंसेविका आहे. त्या दिवशी पन्नाशीच्या एक अफगाण बाई आल्या होत्या. पूर्वी बरीच वर्षे पेशावरला काढल्याने त्यांना उर्दू येत होते, आणि माझ्या पुणेरी हिंदीवर त्यांनी उदार मनाने निभावून नेले. लहानपणी भाऊ त्यांना सायकलच्या दांडीवर बसवून नेत असत, मात्र हॅन्डल कधी त्यांच्या हाती आले नव्हते.

शिकवणाऱ्या मुलीने पान्हा घेतला आणि सायकलची दोन्ही पॅडल्स काढून टाकली. सीट इतकी खाली केली की पाय जमिनीला सपाट टेकावेत. बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, “बहनजी, आता यावर बसून काय चहा प्यायचा?” मलाही ते चमत्कारिकच वाटले, कारण आमच्या पिढीत कुणीतरी मागून कॅरिअर धरून धावायचे आणि न सांगता सोडून द्यायचे, हीच रीत. परंतु येथे बाई पायांनी जमीन ढकलत निघाल्या, मग पाय उचलून थोड्या घरंगळल्या, आणि तासाभरात त्यांचा तोल त्यांच्याच ताब्यात आला. तेव्हा पॅडल्स पुन्हा बसवली. बाईंनी चिनाराला एक वळसा घातला, दुसरा घातला, तिसराही घातला. आम्ही टाळ्या वाजवत होतो आणि त्या ओरडत होत्या, “अरे, थांबायचे कसे ते तर सांगा!” शेवटी त्या गवतात शिरून थांबल्या, आणि उतरताच विचारले की दवाखाना येथून किती दूर आहे. त्यांना मधुमेह होता. आजवर दवाखान्यात जायला त्यांना तासभर चालावे लागे.

व्यायाम करा, असे डॉक्टर त्यांना सांगतच होते. तो आता जाता-येता घडणार होता, आणि एक सायकल भंगारात जाण्यापासून वाचली, हा निसर्गाचा लाभ वेगळाच. बर्लिनमध्येही २०१५ पासून ‘बाइकीगीज’ ही संस्था निर्वासित स्त्रियांना सायकल शिकवते. (आपल्या पुण्यात सायकलमार्गांवर स्कूटर लावणाऱ्यांना मात्र त्या अफगाण बाईंच्या समोर एकदा उभे करावे, असे मला फार वाटते.)

आपल्यापैकी अनेकांची मुले लंडनमध्ये राहतात. त्यांच्या घरी न वापरलेली सायकल असेल, तर ती अशा संस्थेला देता येते, हे त्यांना जरूर कळवा. पंक्चर असली तरी चालते. ब्रेक आणि साखळीचे काम तेथील कारागीर करून घेतात.