चार मायक्रॉनची चीर

(शिरपूर तालुका, तापीकाठची केळीबाग. विळ्याचा घाव.)

घड उतरवलेलं केळीचं खोड. आडवं कापलं की आत सोपटंच सोपटं, एकात एक गुंडाळलेली. धुळ्याच्या लॅबमध्ये आज जे कापायचंय त्यालाही असेच थर आहेत, पण तिथं विळा चालत नाही.

(लॅब. बर्फावर मेणाचा ब्लॉक.)

या मेणात बकऱ्याच्या मांडीतली धमनी आहे. खाटकाकडून आणली, फॉर्मॅलिनमध्ये मुरवली. मग अल्कोहोलने तिच्यातलं पाणी काढलं, झायलीनने अल्कोहोल काढलं आणि त्या जागी मेण भरलं. मे महिन्यातलं धुळं, पारा 42च्या पुढं. मेण नरम पडलं की पात्याला चिकटतं, म्हणून हा बर्फ.

(मायक्रोटोम, म्हणजे मेणाच्या पातळ चकत्या कापणारं यंत्र. त्याचं चाक. मेणाची रिबीन.)

चाक फिरवणाऱ्या यांना लॅबमध्ये सगळे आप्पा म्हणतात. चिरेची जाडी 4 मायक्रॉन; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. श्वास जोरात सोडला तरी रिबीन उडते. कोमट पाण्यावर सोडायची, ब्रशने सुरकुती काढायची, काच खालून घालून अलगद उचलायची. पुढं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

आता रंग. लवचीक धागे काळे करायचे आणि बाकीचा काळा रंग फेरिक क्लोराइडने उतरवायचा. जरा जास्त उतरला की धागेही गेले. घड्याळ कुणी बघत नाही. काच उचलायची, सूक्ष्मदर्शकाखाली धरायची, पुन्हा बुडवायची.

"आठे देखा भाऊ."

(सूक्ष्मदर्शकातून.)

ही लवचीक धाग्यांची काळी नागमोडी रेघ बघा, साडीच्या निऱ्यांसारखी. तिच्या आतल्या अंगाला चपट्या पेशींचा एकच पदर, इंटिमा. रक्ताला लागून असतो तो हाच. जिवंतपणी ही रेघ नागमोडी नसते, रक्ताच्या दाबाने ताणलेली असते. दाब गेला, स्नायू आवळले, की निऱ्या पडतात. बाहेरचा पिवळा जाड पट्टा म्हणजे मीडिया, तेच ते स्नायू. आणि सगळ्यात बाहेर लाल, सैलसर कोलॅजन, म्हणजे चिवट धागे; हा थर अॅडव्हेन्टिशिया. मोठ्या धमन्यांच्या या थरात भिंतीलाच रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या असतात.

शेजारची ही शीर. भिंत पातळ, म्हणून चपटी बसलीय. तिची झडप मात्र आपल्या चिरेत आली नाही.

हृदयातून निघणाऱ्या महाधमनीत स्नायूंपेक्षा लवचीक पडदेच जास्त. माणसाच्या महाधमनीत ते 40 ते 70 असतात, हृदयाच्या दर ठोक्याला ताणणारे आणि पुन्हा आवळणारे. सगळ्यात बारीक रक्तवाहिनी म्हणजे केशवाहिनी, तिला मात्र पेशींचा एकच थर. लाल पेशी 7-8 मायक्रॉनची, वाट कधी त्याहून अरुंद. ती वाकून, एकामागे एक जाते. इंग्रज वैद्य हार्वेने 1628 साली रक्ताभिसरण मांडलं, पण या वाटा त्याला दिसल्या नव्हत्या. 1661 मध्ये इटलीच्या मालपीगीला त्या बेडकाच्या फुप्फुसात सापडल्या.

इंटिमात चरबी साचली की धमनीची वाट अरुंद होते. पुढं हृदयविकार, पक्षाघात.

(काचेवर हिऱ्याची पेन्सिल.)

आप्पा काचेवर नंबर कोरतात. नाव लिहायला तिथं जागा नाही. बर्फावर दुसरा ब्लॉक ठेवलाय.