एका आलेख कागदावर दशांशापासून दशलक्षांशापर्यंत

नमस्कार! चौथी-पाचवीतल्या मुलांना विचारून बघा, 0.35 मोठा की 0.4? बरीच जण 0.35 म्हणतील. आपणच ‘पॉइंट पस्तीस’ वाचतो, मग पस्तीस चारापेक्षा मोठेच वाटणार. नियम पाठ करून घेण्याआधी मिलिमीटरचा आलेख कागद आणा. पट्टी लावून तपासा, कारण काही कागदांवर सर्वांत लहान घर 2 मिलिमीटरचं असतं आणि मग पुढचा सगळा हिशेब चुकतो.

(कागद कॅमेऱ्यासमोर) 10 सेंटिमीटर बाजूचा चौरस ठळक आखा. हा आपला ‘एक’. चौरसाबाहेर मुलाकडूनच मोठा 1 लिहून घ्या. ही पायरी अजिबात गाळू नका.

आता 1 सेंटिमीटर रुंदीची उभी पट्टी रंगवा. अशा दहा बसतात, म्हणून ही 0.1. तिच्यातलं सेंटिमीटरचं एक घर 0.01. एका चौरसात तीन पट्ट्या आणि पाच घरं, शेजारच्या चौरसात पूर्ण चार पट्ट्या. रंग कुठे जास्त, हे मूल आपणहून सांगतं.

(क्लोज-अप) सेंटिमीटरच्या घरातली 1 मिलिमीटरची चिंचोळी पट्टी 0.001. तिच्यातला, पेन्सिलीच्या टोकाने जेमतेम भरणारा ठिपका 0.0001. इथे मुलं हमखास ‘एक’ किंवा ‘एक मिलिमीटर’ म्हणतात. लगेच दुरुस्त करू नका. बाहेरच्या 1 कडे बोट दाखवून विचारा, ‘त्यात असे किती बसतील?’ शंभर गुणिले शंभर, दहा हजार.

अष्टमांशही इथेच उलगडतो. तसाच चौरस कापून घ्या, एकाच दिशेने तीनदा निम्मा दुमडा, उघडून एक भाग रंगवा. तेवढ्याच जागेत एक पट्टी, दोन घरं आणि पाच चिंचोळ्या पट्ट्या बसतात: 0.125. भागाकार न करता! छेद 8 असूनही भाग पाव हिश्श्यापेक्षा लहान का, तेही समोरच दिसतं.

आता फरशीवर खडूने 1 मीटर बाजूचा चौरस आखा आणि मिलिमीटरचा तोच ठिपका कापून त्यात ठेवा. ठिपका तेवढाच आहे, पण ‘एक’ बदलला, म्हणून आता तो दशलक्षांश झाला. हा क्षण घाईत उरकू नका, मला तर सगळ्या धड्यात हाच महत्त्वाचा वाटतो.

घरी टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार अंदाजे दाखवणारं उपकरण, असेल तर पिण्याचं पाणी तपासा. 300 पीपीएम आलं, तर वजनाने दहा लाख भागांत सुमारे 300 भाग क्षार. हे 300 भाग दाखवायला फरशीवरच्या चौरसात सेंटिमीटरची किती घरं ठेवायची, ते मुलालाच काढू द्या. उत्तर तीन यायला हवं. तीस आलं, तर एका घरात मिलिमीटरचे चौरस शंभर ऐवजी दहाच धरलेत.