मे महिन्याची दुपार आणि नववीचा वर्ग

मित्रहो, उन्हाळ्यात काय वाचावे असे कुणी विचारले की मी कित्येक वर्षे एकच नाव सांगत आलो आहे, ते म्हणजे मिलिंद बोकील यांची ‘शाळा’. २००४ साली आलेली ही कादंबरी आपण सर्वांनी वाचली आहे असे धरून चालतो, म्हणून कथानक सांगत बसत नाही. ती मे महिन्यातच का वाचावी, हे मला आज सांगायचे आहे.

कादंबरीतली गोष्ट सांगणारा मुकुंद जोशी आणीबाणीच्या काळात नववीत आहे, आणि मीही तेव्हा नववीतच होतो. १९७६ च्या मे महिन्यात आमच्या गावच्या वाचनालयात मी मोठ्यांच्या कपाटातली एक कादंबरी निवडून टेबलावर ठेवली. ग्रंथपालांनी शिक्का शाईवर टेकवला, पुस्तकाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि “हे तुझ्या वयाचं नाही, बालविभाग तिकडे आहे,” असे म्हणून ते मागच्या फळीवर ठेवून दिले. बालविभाग मी सहावीतच वाचून संपवला होता. त्या पुस्तकाच्या खाकी कव्हरवर लिहिलेला दाखल क्रमांक घरी येईपर्यंत मी घोकत आलो, पुन्हा कधी मागता यावे म्हणून. (वाचनालय चालवणारी मंडळी समोर बसली आहेत; मुलाच्या हातातून पुस्तक काढून घेऊ नका, एवढी त्यांना कळकळीची विनंती आहे.) आमच्याच वयाची, आमच्याच बोलीतली गोष्ट हाती यायला पुढे जवळजवळ तीस वर्षे गेली. २००५ च्या मे महिन्यात मामाच्या घरी, माळ्यावरच्या आढीतून पिकत्या आंब्यांचा वास येत असताना, ती मी दोन दुपारींत वाचून काढली.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मुख्य मुद्दा थोडक्यात मांडतो. या कादंबरीला आपण स्मरणरंजन म्हणतो. पण निवेदन करणारा मुलगा काहीच आठवत नसतो, तो ते सारे जगत असतो. मोठी माणसे आणीबाणीवर बोलतात आणि त्याचे लक्ष मात्र वर्गातल्या शिरोडकर या मुलीकडे असते. ज्या मुलीवर जीव जडला तिला मनातही हजेरीपटावरच्या आडनावानेच हाक मारायची, हे त्या वयाचे आणि त्या काळाचे किती खरे चित्र आहे! हुरहुर लागते ती आपल्याला, कारण पुढची वर्षे आपल्याला ठाऊक असतात आणि त्याला नसतात. तासाची घंटा नसलेल्या लांबलचक दुपारी वाचताना आपणही काही वेळ ती वर्षे विसरतो, आणि मग त्याच्या चालीने वाचता येते.

माझी नात यंदा नववी पास झाली आणि आठवड्याभरातच तिचे दहावीचे व्हेकेशन क्लास सुरू झाले. दुपारी एक ते चार तेवढी ती मोकळी असते. माझी प्रत मी काल तिच्या उशाशी ठेवून आलो आहे.