पन्हाळ्याचा राजा भोज आणि गंगू तेलीण, खरं किती?

नमस्कार मंडळी, आत्ता मी पन्हाळ्यावर तीन दरवाजापाशी उभा आहे, वारं लई सुटलंय त्यामुळं आवाज जरा इकडंतिकडं झाला तर समजून घ्या.

कोल्हापूरच्या पोरांना ही गोष्ट सांगावी लागत नाही, शाळेच्या सहलीतच कानावर पडते. राजा भोज गड बांधत होता, तट उभा केला की ढासळायचा, परत बांधला की परत ढासळायचा, मग कुणीतरी सांगितलं बळी पाहिजे आणि बळी गेला गंगू तेलिणीचा. काहीजण सांगतात की गंगू हा तेली होता आणि त्यानं बायको आणि तान्हं लेकरू दिलं. आणि त्यावरनंच म्हणे ती म्हण आली, कुठं राजा भोज, कुठं गंगू तेली.

आता राजा खरा आहे का? शंभर टक्के खरा. कोल्हापूरच्या शिलाहार घराण्यातला दुसरा भोज, साधारण 1175 ते 1212 हा त्याचा काळ. त्याचे ताम्रपट आहेत, शके 1113 म्हणजे 1191 ला कोकणातलं कशेळी गाव त्यानं दान दिलंय. 1205 मध्ये इथल्याच आजऱ्यात सोमदेव नावाच्या जैन पंडितानं संस्कृत व्याकरणाचा 'शब्दार्णवचंद्रिका' हा ग्रंथ लिहिला, तोही याच भोजाच्या राज्यात. मला हे लई भारी वाटतं, आपण आजऱ्याला घनसाळ तांदूळ आणायला जातो आणि तिथं आठशे वर्षांपूर्वी व्याकरण लिहिलं जात होतं!

पण गंगू? भोजाच्या ताम्रपटांत दानं आहेत, पूर्वजांची नावं आहेत, बळीचं अक्षर नाही. आणि ज्या तटाकडं बोट दाखवून आपण ही गोष्ट सांगतो ना, तो आज दिसणारा तट बराचसा आदिलशाहीतला, हा तीन दरवाजासुद्धा आदिलशाहीतलाच, म्हणजे भोजानंतर तीनशे वर्षांनी.

मग म्हणीचं काय? उत्तरेत विचारलात तर राजा भोज म्हणजे धारचा परमार भोज, साधारण 1010 ते 1055. आपल्या भोजाच्या शंभराहून जास्त वर्षं आधीचा. तिकडचं स्पष्टीकरण असं की गंगू म्हणजे कलचुरी राजा गांगेयदेव आणि तेली म्हणजे चालुक्य राजा तैलप, दोघांनी मिळून भोजावर चाल केली आणि हरले. ऐकायला बरोबर बसतं, पण तैलप वारला 997 ला आणि भोज गादीवर आला 1010 च्या आसपास, मग लढाई झाली कधी? त्यामुळं तेही मला पटत नाही.

मला जी गोष्ट खरंच टोचते ती वेगळीच आहे. हे शिलाहार स्वतःला जीमूतवाहनाचे वंशज म्हणवायचे. जीमूतवाहन कोण, तर रोज एक नाग गरुडाला खायला जायचा, एका आईचा शंखचूड नावाचा एकुलता एक पोरगा जायची वेळ आली तेव्हा हा राजपुत्र त्याच्या जागी स्वतः शिळेवर जाऊन पडला. शिळेवरचा आहार म्हणून शिलाहार. दुसऱ्याच्या पोरासाठी स्वतःचा जीव द्यायचा ही ज्या घराण्याची अभिमानाची कथा, त्यांच्याच राजाच्या नावावर आपण एका आईचा बळी चिकटवला, तोही पुरावा नसताना. भोज संत होता असं मी म्हणत नाही. पण त्या बाईचं दुःख आपण गडाच्या मजबुतीचं कौतुक म्हणून सांगतो, ते मला सोसत नाही.

आणि शेवट कसा झाला बघा. 1212 च्या सुमारास देवगिरीचा यादव सिंघण चालून आला, पन्हाळा पडला, शिलाहारांचं राज्य संपलं. शिलाहारांच्या ध्वजावर सोन्याचा गरुड होता. आणि यादवांच्या लेखात काय लिहिलंय, तर पन्हाळ्यात राहणाऱ्या भोजरूपी सर्पाला पळवून लावणारा गरुड म्हणजे सिंघण! शत्रूनं त्यांचा गरुडच काढून घेतला.

पुढच्या व्हिडिओत खिद्रापूरला जाऊ, कोपेश्वराच्या देवळात याच सिंघणाचा शिलालेख आहे, तो कॅमेऱ्यासमोर वाचू.