पाटावर बसलेला मनीप्लांट

(दृश्य: ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली गल्ली, दाट धुकं. दगडी जाळीची खिडकी, आतल्या बाजूला वेलीचं एक टोक.)

ग्वाल्हेर. जानेवारीचा दुसरा आठवडा. सकाळचे नऊ वाजलेत आणि समोरच्या घराचा सज्जा अजून दिसत नाही. लष्कर भागातलं हे माझ्या आत्याचं घर. बैठकीत पूर्वेच्या खिडकीपासून हातभर आत एक मनीप्लांट आहे. खाली दगडी फरशी, फरशीवर लाकडी पाट आणि पाटावर गमला. मला मात्र सतरंजी मिळाली आहे.

गमला म्हणतोय, कारण इथे कुंडी म्हटलं की घोटाळा होतो. बाजारात कुंडी मागितली तर दुकानदार दाराची कडी काढून दाखवतो. दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वसलेल्या या भागात मराठी घरं दोनशे वर्षांपासून आहेत, पण झाडं गमल्यातच लावतात.

गमल्याखाली पाट का, हे समजून घ्यायला मी इथे आलो. खरं सांगायचं तर माफी मागायला आलो. गेल्या हिवाळ्यात आत्याचा जुना मनीप्लांट मेला, आणि तो माझ्यामुळे मेला. मी पुण्याहून तिला एक व्हिडिओ पाठवला होता: दर तीन दिवसांनी पाणी, पंधरा दिवसांनी खत, पानांवर रोज फवारा. तिने सगळं मनापासून केलं. डिसेंबरात केलं, जानेवारीतही केलं.

"तुझ्या व्हिडिओच्या चक्करमध्ये माझा गमला गेला रे," आत्या म्हणते. "वीस वर्षांचा होता."

(दृश्य: पाण्याच्या बाटलीतली वेल, पांढरी मुळं.)

ही वेल मूळची मोओरेआ बेटावरची. दक्षिण प्रशांत महासागरात, ताहितीच्या शेजारी. तिथे थंडी म्हणजे काय ते ठाऊक नाही, आणि लू, म्हणजे उन्हाळ्यातला तापलेला वारा, तोही नाही. वर्षभर ऊबदार, ओलसर हवा, मोठ्या झाडांची सावली. अशी वेल ग्वाल्हेरात येऊन राहते, जिथे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या वर जातो आणि जानेवारीच्या पहाटे पाच अंशांखाली उतरतो. चाळीस अंशांची ही घसरगुंडी ती दरवर्षी सोसते, तीही भिंतीआड. तिला चिवट म्हणतात ते उगाच नाही. पण चिवटपणालाही हद्द असते.

शास्त्रज्ञांनीही तिला पुष्कळ फिरवलं आहे. १८८० मध्ये तिचं पहिलं वर्णन झालं तेव्हा तिला पोथॉस ऑरियस म्हटलं. ऑरियस म्हणजे सोनेरी, पानांवरच्या पिवळ्या फराट्यांमुळे. पुढे तिला एकाच कुळातल्या एका प्रजातीतून दुसऱ्या प्रजातीत हलवत राहिले, कारण ओळख पटवायला फूल लागतं आणि ही फुलतच नव्हती. १९६२ मध्ये फुललेला नमुना हाती आला आणि १९६४ मध्ये एपिप्रेम्नम ऑरियम हे आजचं नाव ठरलं. बागवान मंडळी अजूनही पोथॉसच म्हणतात. आपल्याकडे तर मनीप्लांट म्हणूनच खपतो, मग पैसे येवोत न येवोत.

फुलत का नाही, याचं उत्तर मिळायला २०१६ उजाडलं. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना सेंट्रल विद्यापीठातल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की जिबरेलिन हे संप्रेरक तयार करणारा तिच्यातला एक जनुक नीट काम करत नाही. बाहेरून जिबरेलिन फवारलं तेव्हा वेल फुलली. म्हणजे आपल्या घरांतून वेलीला फूल नाही, बीही नाही. आत्याकडची वेल कुणाच्या तरी खिडकीतल्या वेलीचा तुकडा, आणि तीही आणखी कुणाच्या तरी.

(दृश्य: आत्याचे हात. बोट मातीत.)

आता गेल्या जानेवारीत काय झालं ते. थंडीत झाड जवळजवळ थांबतं. धुक्यात ऊन नाही, नवी पानं नाहीत, पानांतून पाणी उडत नाही. मे महिन्यात दोन दिवसांत कोरडी होणारी माती जानेवारीत दहा दिवस ओली राहते. त्यात आणखी पाणी, तेही नळाचं, गारढोण. मातीतली हवा संपते, मुळं गुदमरतात, मग बुरशी येऊन ती कुजतात. आणि फसगत अशी की मुळं कुजली की पाणी वर चढत नाही, म्हणून पानं मलूल दिसतात. मलूल पान पाहिलं की माणूस काय करतो? पाणी घालतो. मी फोनवर तेच सांगितलं होतं: "आत्या, तहानलंय ते, पाणी घाल."

गमला उलटा केला तेव्हा मुळं तपकिरी आणि गिळगिळीत झाली होती. चिमटीत धरली की साल हातात यायची. मातीला कुजका वास. निरोगी मूळ पांढरट असतं आणि दाबलं तरी कडक लागतं.

यंदा तिने वार मोजणं सोडून दिलं आहे. बोट घालून पाहते. दोन पेरं माती कोरडी लागली तरच पाणी. थंडीत ती पाळी दहा-बारा दिवसांनी येते. पाणी आदल्या रात्री घरात भरून ठेवलेलं, आणि घालायचं दुपारी, म्हणजे रात्रीच्या आत जास्तीचं निथळून जातं. खाली बशी ठेवली असेल तर साचलेलं ओतून टाकायचं. खत दिवाळीनंतर बंद, ते थेट होळीला. आणि पाट कशाला, तर ही फरशी रात्री बर्फासारखी होते आणि तिच्यावर ठेवलेल्या गमल्यातली मुळं गारठतात. खिडकीच्या काचेला पान टेकलं तर तेवढंच काळपट, पाणी झिरपल्यासारखं होतं, म्हणून गमला हातभर आत. शेगडीजवळ मात्र नाही. मी हीटर शेजारी ठेवू म्हटलं तर आत्याने माझ्याकडे असं पाहिलं की पुढे बोललो नाही. हीटरची कोरडी झळ पानांच्या कडा जाळते.

(दृश्य: गच्चीवरून किल्ला, उन्हाळ्यातलं जुनं चित्रीकरण. लू. कूलरचा आवाज.)

उन्हाळ्याचं गणित नेमकं उलटं. लू सुरू झाली की हवेतला ओलावा नाहीसा होतो. पण ग्वाल्हेरच्या घरात तेव्हा एक यंत्र चालू असतं जे मुंबईच्या घरात नसतं: कूलर. ओल्या गवतातून हवा खेचून तो खोली थंड करतो आणि खोलीत ओलावाही सोडतो. वेलीच्या दृष्टीने ही खोली म्हणजे मोओरेआची ग्वाल्हेरी आवृत्ती. आत्याचा गमला एप्रिलपासून कूलरच्या बाजूला सरकतो. झोतासमोर नव्हे, बाजूला. झोतात पानं दिवसभर फडफडत राहतात आणि देठाशी मोडतात. खिडकीवर पडदा, कारण मेचं थेट ऊन तासाभरातही पानावर वाळके, तपकिरी डाग पाडतं.

पण उजेड मात्र हवा. अंधाऱ्या कोपऱ्यात वेल मरत नाही, म्हणून लोक तिला जिन्याखाली ढकलतात. तिथे नवी पानं हिरवीगार येतात आणि सोनेरी फराटे नाहीसे होतात. पिवळ्या भागात हरितद्रव्य फारच कमी असतं, आणि उजेड कमी पडला की हिरव्या भागावरच सगळं भागवावं लागतं.

कूलरचाच एक जोडीदार म्हणजे बाटलीतला मनीप्लांट. दोन्हींत पाणी साचतं आणि दोन्हींत डेंग्यूचा डास अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा दोन्ही रिकामे. नुसतं पाणी वर ओतून भरायचं नाही. बाटली आतून घासायची, मुळांवरची बुळबुळ धुवायची. आत्याकडे हा रविवारचा कार्यक्रम आहे, आणि मी इथे असलो की तो माझ्याकडे येतो.

(दृश्य: भिंतीला टेकवलेली काठी, गोणपाट गुंडाळलेलं. वेलीची हवाई मुळं.)

खाली लोंबणारी वेल दिसायला छान, पण तिची पानं टोकाकडे लहान लहान होत जातात. तीच वेल काहीतरी धरून वर चढली की प्रत्येक पान आधीच्याहून मोठं येतं. जंगलात झाडावर चढलेल्या वेलीची पानं हातभर आणि त्याहून लांब होतात, त्यांना चिराही पडतात. आपल्या बैठकीतली वेल आयुष्यभर बाळच राहते, कारण चढायला काही मिळत नाही. वास्तूवाले सांगतात की मनीप्लांट खाली लोंबू देऊ नये, पैसा उतरतो. पैशाचं ते बघतील. पानांपुरता त्यांचा सल्ला बरोबर आहे.

बाजारात काथ्या गुंडाळलेल्या काठ्या मिळतात. आत्याने बांबूला गोणपाट गुंडाळून सुतळीने बांधलं आहे. प्रत्येक गाठीवर जो तपकिरी कोंब दिसतो ते हवाई मूळ. ते ओल्या गोणपाटात शिरतं आणि वेल घट्ट धरते. गोणपाट कोरडं असेल तर ते मूळ नुसतं वाळून जातं. म्हणून उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ काठी भिजवायची, मातीला पाणी असो नसो.

मनीप्लांट घरातली हवा शुद्ध करतो म्हणतात त्याचं काय, असा प्रश्न शेजारच्या काकूंनी मला विचारलाच. ती गोष्ट नासाच्या १९८९ च्या अहवालापासून सुरू होते. प्रयोग झाले होते बंद पेट्यांमध्ये. पुढे २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र तपासले गेले. निष्कर्ष असा की साध्या खोलीत वारा ये-जा करून जेवढी हवा स्वच्छ होते, तेवढं काम झाडांकडून घ्यायचं तर दर चौरस मीटरला किमान १० झाडं लागतील. ही बैठक बारा चौरस मीटरची धरा. एकशे वीस गमले. मग सतरंजीही गेली. काकू म्हणाल्या, "मग खिडकीच उघडते."

एका बाबतीत मात्र थट्टा नको. ही वेल अळू आणि सुरणाच्या कुळातली आहे. कच्चं अळू खाल्लं की घसा खवखवतो तो कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे, आणि ते हिच्यातही आहेत. अळूला आपण चिंच घालून शिजवतो. हिला कितीही चिंच घातली तरी ती खायची वस्तू नाही. रांगतं मूल किंवा मांजर असेल तर गमला उंचावर. छाटणीनंतर हात धुवायचे, काहींना चिकाने खाज सुटते.

(दृश्य: खिडकीत कात्री. आत्या पाठमोरी.)

माफी मागायला आलो होतो आणि आता मलाच तुकडा हवा होता. तुकडा गाठ धरून कापावा लागतो, गाठीच्या खाली बोटभर देठ ठेवून. नुसतं पान देठासकट पाण्यात ठेवलं तर कधी कधी मुळं फुटतात, पान महिनोन् महिने हिरवं राहतं, पण त्यातून वेल कधीच निघत नाही, कारण नवा कोंब गाठीतच असतो. आणि खरा हंगाम पावसाळा. तेव्हा पंधरा-वीस दिवसांत मुळं दिसतात. जानेवारीत तोच तुकडा दीड-दोन महिने नुसता बसून राहील. पण पुण्यात थंडी इथल्यासारखी नाही, म्हणून आत्याने परवानगी दिली.

परवानगी म्हणजे दिली नाहीच. मनीप्लांट मागून किंवा विकत आणून लागत नाही, चोरून आणला तरच लागतो, असं तिची आई सांगायची. वीस वर्षांचा जुना गमलाही तिने असाच कुणाच्या तरी अंगणातून आणला होता, कुणाच्या ते अजून सांगत नाही. कात्री तिने खिडकीत ठेवली. एका फडक्याची ओली घडी करून शेजारी ठेवली, तुकडा प्रवासात गुंडाळायला. मग पदर खोचत उठली.

"मी आत चहा टाकायला चाललेय," ती म्हणाली. "खालून तिसरी गाठ चांगली आहे. मी काही बघत नाहीये."