सॅली की सलमा? मलाया-सिंगापूरच्या इंग्रजी कादंबऱ्यांतली माणसं

मंडळी, आज मला मलेशिया आणि सिंगापूरमधल्या इंग्रजी लेखनाबद्दल बोलायचंय, आणि त्यातही एकाच गोष्टीबद्दल. वंश ही गोष्ट माणूस घरून बांधून नेतो असं आपण धरून चालतो, पण ही पुस्तकं वाचली की कळतं, ती बऱ्याचदा तिकडे पोचल्यावर त्याला चिकटवली जाते.

मद्रास इलाख्यातून मलायात, म्हणजे आजच्या मलेशियात, रबराच्या मळ्यांवर गेलेला मजूर निघताना स्वतःला 'इंडियन' थोडाच म्हणत होता, तो अमुक गावचा नि तमुक जातीचा होता. इंग्रजांनी १८९१ च्या जनगणनेत 'तामिळ आणि हिंदुस्थानातले इतर' असा कप्पा केला, पुढे त्याचंच 'इंडियन' झालं, आणि मग पोरंबाळं त्याच कप्प्यात जन्माला यायला लागली.

लॉइड फर्नांडोंची 'स्कॉर्पियन ऑर्किड' (१९७६) घ्या. हे स्वतः श्रीलंकेत जन्मलेले, १९३८ मध्ये लहान असताना सिंगापूरला आले. १९५० च्या दशकातलं सिंगापूर, दंगली पेटलेल्या, आणि युनिव्हर्सिटीतले चार मित्र: एक तामिळ, एक चिनी, एक मलय (म्हणजे तिथला स्थानिक), एक युरेशियन (युरोपीय-आशियाई मिश्र वंशाचा). आजवर एकत्र हिंडणाऱ्या या पोरांना दंगलीत पहिल्यांदा आपापला वंश आठवतो. पण मला सगळ्यात जास्त छळते ती या चौघांच्या ओळखीची सॅली. ती चिनी आहे की ती खरंतर सलमा नावाची मलय बाई आहे, हे कादंबरी शेवटपर्यंत पक्कं सांगत नाही. दंगलीत तिच्यावर अत्याचार होतो आणि चौघांपैकी कुणीच तिच्यासाठी पुरेसं उभं राहत नाही. तिला कुठल्याच कप्प्यात न बसवणं हा मला फर्नांडोंचा सगळ्यात धाडसी निर्णय वाटतो.

के. एस. मणियम यांच्या 'द रिटर्न' (१९८१) मध्ये हाच प्रश्न जमिनीवर उतरतो, अगदी शब्दशः. आजी पेरियताई भारतातून येते, कष्ट करते, घर उभं करते, पण त्या जागेवरचा हक्क काही तिला मिळत नाही. पुढच्या पिढीत नातवाचा बाप पुन्हा तेच करायला जातो, मातीशी नातं जोडायच्या ध्यासात अक्षरशः वेडा होतो, आणि नातू रवी मात्र इंग्रजी शाळेच्या वाटेने या सगळ्यापासून लांब लांब जात राहतो. मला तर वाटतं आजीची ती जमीन आणि नातवाचं इंग्रजी, दोन्हींमागे भूक एकच आहे, कुणीतरी म्हणावं की तू इथलाच.

आणि हे लिहिलं कधी गेलं तेही बघा. १३ मे १९६९ ला क्वालालंपूरमध्ये मलय-चिनी दंगल झाली, त्यानंतर १९७१ पासून मलय लोकांना झुकतं माप देणारं नवं आर्थिक धोरण आलं, मलय भाषेतलं तेवढंच 'राष्ट्रीय साहित्य' ठरलं, इंग्रजीत लिहिणारे बाजूला पडले.

मलेशियातल्या मलाक्काच्या लेखिका शर्ली जोक-लिन लिम त्याच १९६९ मध्ये शिकायला अमेरिकेला गेल्या. चिनी घराणं, पण आई पेरानाकान, म्हणजे पिढ्यान्पिढ्या मलय बोलणाऱ्या चिनी लोकांतली, आणि शाळा इंग्रजी. अमेरिकेत त्याच बाई 'एशियन अमेरिकन' लेखिका झाल्या. एकाच आयुष्यात एवढे शिक्के! त्यांचं आत्मचरित्र 'अमंग द व्हाइट मून फेसेस' (१९९६) तुमच्यापैकी ज्यांची मुलं परदेशात वाढतायत त्यांनी तर वाचाच.

सिंगापूरने २०११ पासून कागदोपत्री दुहेरी वंश लिहायची सोय केली, मधे आडवी रेघ देऊन. सॅली तिथे पस्तीस वर्षं आधीच पोचली होती.